वारनामांची साक्ष : अकान समाजातील व्यक्तिनामे आणि त्यांचा इतिहास

१

व्यक्तीचे नाव हे इतिहासाचे साधन मानावे किंवा नाही, हा प्रश्न वरवर पाहता गौण वाटतो. राजे, सेनापती व ग्रंथकार यांची नावे इतिहासात येतात ती त्यांच्या कृत्यांची खूण म्हणून. नावाला स्वतःचे असे काही सांगावयाचे असते, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. परंतु ज्या समाजाचा गतकाल कागदपत्रांत फारसा उतरलेला नाही, अथवा उतरला असल्यास त्याच्या मालकांच्या व शत्रूंच्या लेखणीने उतरला आहे, त्या समाजाच्या बाबतीत नाव हा पुष्कळदा त्याच्या स्वतःच्या वाणीचा एकमेव अवशेष असतो. पश्चिम आफ्रिकेतील घाना देशाच्या दक्षिण व मध्य भागांत राहणारे अकान लोक हे याचे बोलके उदाहरण होय.

१ मार्च १७३९ रोजी जमैका बेटावर इंग्रज सरकार आणि डोंगरात स्वतंत्र वस्ती करून राहिलेले फरारी गुलाम यांच्यात एक तह झाला. या फरारी गुलामांना तेथे मॅरून असे म्हणत. तहाच्या आरंभी त्यांच्या पाच नायकांची नावे दिली आहेत : कजो, अकॉम्पाँग, जॉनी, कफी आणि क्वाको. इंग्रज लेखनिकाने ही नावे आपल्या कानास ऐकू आली तशी लिहिली. त्यांतील तीन नावांचा अर्थ मात्र त्याच्या कागदात कोठेही नाही. कजो म्हणजे सोमवारी जन्मलेला, क्वाको म्हणजे बुधवारी जन्मलेला, कफी म्हणजे शुक्रवारी जन्मलेला. जमैकापासून समुद्रमार्गाने हजारो मैल दूर असलेल्या एका समाजाची कालगणना अशा रीतीने एका इंग्रजी तहनाम्यात न कळत नोंदली गेली आहे.

ही नावे समुद्र ओलांडून टिकली कशी, टिकल्यावर त्यांच्या अर्थाचे काय झाले, आणि त्यांच्या साक्षीवर इतिहासाने कितपत विसंबावे, या तीन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे. त्यासाठी प्रथम मूळ भूमीतील नामपद्धती पाहणे अवश्य आहे.

२

अकान हे एका जमातीचे नाव नसून परस्परांशी निकटच्या भाषा बोलणाऱ्या अनेक समाजांचे सामुदायिक नाव आहे. कुमासी ही ज्यांची राजधानी ते असांते, समुद्रकिनाऱ्यावरील फांते, तसेच आक्येम, आक्वापेम, बोनो इत्यादी समाज त्यात मोडतात. त्यांच्या बोलींपैकी ट्वी ही बोली बासल मिशनचे पंडित योहान क्रिस्टालर यांनी १८८१ साली प्रसिद्ध केलेल्या कोशामुळे अभ्यासकांना परिचित झाली. त्यांच्या धर्मकल्पना व आचार यांचे तपशीलवार वर्णन कॅप्टन रॅट्रे यांनी १९२३ व १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत केले. रॅट्रे हे वसाहत सरकारचे अधिकारी होते, ही गोष्ट त्यांचे ग्रंथ वाचताना विसरता येत नाही. तथापि असांते वृद्धांकडून त्यांनी मिळविलेली माहिती आजही मोलाची आहे.

अकान विचारानुसार मनुष्य हा तीन दिशांनी आलेल्या अंशांचा बनलेला असतो. मातेकडून त्याला रक्त मिळते आणि त्या रक्ताबरोबर कुळ मिळते. वारसा, जमीन व राजपद यांवरील हक्क याच मातृकुळातून चालतात. पित्याकडून त्याला 'न्तोरो' नावाचे तेज लाभते व त्यामुळे त्याचा स्वभाव घडतो. तिसरा अंश 'क्रा' म्हणजे आत्मा. तो न्यामे या परमेश्वराकडून येतो, आणि तो ज्या वारी पृथ्वीवर उतरतो त्या वाराची खूण त्याच्यावर कायमची राहते. या खुणेलाच 'क्रादिन' असे म्हणतात. येथील 'दिन' या शब्दाचा आपल्या संस्कृत 'दिना'शी काडीइतकाही संबंध नाही. ट्वी भाषेत 'दिन' म्हणजे नाव. क्रादिन म्हणजे आत्म्याचे नाव. ते नाव वारावरून ठरते, हा केवळ योगायोगाने घडलेला श्लेष होय.

ही वारनामे पुरुष व स्त्री यांसाठी निरनिराळी आहेत. प्रदेशपरत्वे उच्चार थोडे बदलतात. असांते भागातील रूपे पुढीलप्रमाणे आहेत :

रविवार – क्वासी, अकोसुआ
सोमवार – क्वाजो, अजोआ
मंगळवार – क्वाबेना, अबेना
बुधवार – क्वाकू, अकुआ
गुरुवार – याव, या
शुक्रवार – कोफी, अफुआ
शनिवार – क्वामे, अमा

या पद्धतीचे मर्म असे की, क्रादिन कोणी निवडीत नाही. आईबापांची हौस, आप्तांचा आग्रह किंवा कुळाची प्रतिष्ठा यांना येथे वाव नाही. मूल जन्मते तेव्हा त्याचे नाव त्याच्याबरोबर आलेलेच असते. ते फक्त ओळखावयाचे असते. राजपुत्र व शेतकऱ्याचा मुलगा शुक्रवारी जन्मले तर दोघेही कोफीच. १८व्या शतकातील असांते राजांच्या नावांत ओसेई क्वाजो, ओसेई क्वामे अशी वारनामे आढळतात. १९०० साली इंग्रजांविरुद्ध असांते लोकांच्या लढ्याचे नेतृत्व करणारी एजिसूची राजमाता या असांतेवा ही तिच्या नावावरून गुरुवारी जन्मलेली ठरते.

क्रादिन हे आपोआप येणारे नाव असल्यामुळे दुसरे, विचारपूर्वक दिलेले नाव आवश्यक ठरते. ते देण्याचा अधिकार पित्याचा आहे. ज्या समाजात कुळ व मालमत्ता आईकडून येते, तेथे नाव देण्याचा हा हक्क म्हणजे पित्याने अपत्याचा केलेला जाहीर स्वीकार होय. जन्मानंतरचे सात दिवस मूल या लोकीचे की परलोकीचे हे निश्चित नसते, अशी जुनी समजूत आहे. त्या अवधीत ते दगावल्यास रीतसर शोक करीत नसत. आठव्या दिवशी त्याला घराबाहेर आणून नाव ठेवतात, आणि त्याच्या जिभेवर पाण्याचा व मद्याचा थेंब देऊन सांगतात की, पाण्याला पाणी म्हण आणि मद्याला मद्य म्हण. नावाच्या पहिल्याच क्षणी सत्यवचनाचा संस्कार व्हावा, हा त्यामागील हेतू.

याखेरीज जन्मक्रमाची नावे आहेत. तिसरा मुलगा मेन्सा, तिसरी मुलगी मान्सा, चौथे अपत्य अनान, सहावे न्सिया, नववे न्क्रुमा, दहावे बादू. जुळ्यांस अटा म्हणतात आणि जुळ्यांच्या पाठीवर जन्मलेल्यास ताविया. अशा रीतीने एका अकान व्यक्तीचे पूर्ण नाव ऐकले असता तिचा जन्मवार, भावंडांतील क्रम व पित्याने स्मरलेला पूर्वज यांचा बोध होतो. ज्या समाजात जन्माची लेखी नोंद नव्हती, तेथे नाव हीच नोंद होती, आणि ती जपण्याचे काम त्या नावाने हाक मारणारा प्रत्येक जण करीत होता.

३

तथापि सर्वच नावे अशी सरळ वाचता येत नाहीत. काही नावांचा शब्दार्थ एक आणि हेतू त्याच्या नेमका उलट असतो. ज्या स्त्रीची मुले एकामागून एक दगावतात, तिला पुढे होणारे मूल जगावे म्हणून त्याला मुद्दाम ओंगळ किंवा तुच्छ नाव देण्याची चाल अकान लोकांत आहे. तेच मूल पुनः पुनः येते आणि परत जाते, अशी समजूत असल्यामुळे ते परलोकीच्या आप्तांना नकोसे वाटावे, हा या नावांचा उद्देश. सुमिना म्हणजे उकिरडा, हे अशा नावांपैकी एक. महाराष्ट्रातील वाचकास याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. केरू, धोंडू, दगडू, भिकू ही नावे आपल्याकडे ज्या भीतीतून व ज्या आशेतून ठेवली गेली, तीच भीती व तीच आशा येथेही आहे. वारांवरून नावे ठेवण्याची चालही ठाणे-पालघर भागातील आदिवासी समाजांत सोमा, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या अशा रूपांत परिचित आहे. मात्र तिच्यामागे अकान पद्धतीसारखी आत्म्याची कल्पना उभी आहे असे म्हणता येत नाही. साम्य दिसले की मूळ एकच असावे असा तर्क करणे धोक्याचे असते. मराठीतच 'धोंडू' व 'नकुशी' ही दोन्ही नावे तुच्छतादर्शक दिसतात. परंतु पहिल्यात मूल हवे असल्यामुळे दिलेले नाव आहे, तर दुसऱ्यात मुलगी नको असल्याची उघड कबुली आहे. २०११ साली सातारा जिल्ह्यात नकुशी नावाच्या मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली, ती या कबुलीचे ओझे उतरविण्यासाठीच.

मृत्यूला चकविण्यासाठी ठेवलेल्या अकान नावांत एक नाव विशेष विचार करण्यासारखे आहे. ते नाव म्हणजे दोन्कोर. त्याचा अर्थ विकत घेतलेला गुलाम. हे मूल आपले नाहीच, ते बाजारातून आणलेले आहे, असे भासवून मृत्यूची दिशाभूल करावयाची. काही ठिकाणी तर अशा मुलाच्या चेहऱ्यावर परक्या लोकांच्या खुणाही कोरीत. या सोंगात इतिहासाचा एक कटू भाग दडलेला आहे. 'ओदोन्को' हा शब्द कोणत्याही दासासाठी नव्हता. तो उत्तरेकडील गवताळ प्रदेशातून आणलेल्या गुलामासाठी वापरीत. १८व्या शतकात असांते राज्याने उत्तरेकडील गोंजा व दगोंबा या राज्यांवर वर्चस्व मिळविले आणि त्यांच्याकडून येणाऱ्या खंडणीत माणसेही असत. ही माणसे पुष्कळदा त्या राज्यांच्या छायेत राहणाऱ्या, ग्रुसी शाखेच्या व तत्सदृश भाषा बोलणाऱ्या लहान समाजांतून पकडली जात. सावला व बोले यांच्या परिसरातील वाग्ला लोकांची भाषाही याच ग्रुसी शाखेची आहे. म्हणजे दक्षिणेतील मातेने आपले मूल जगविण्यासाठी जे नाव कवच म्हणून वापरले, ते मुळात उत्तरेतील दुसऱ्या मातेच्या हरवलेल्या मुलाचे वर्णन होते. आज दोन्कोर हे घानातील एक सर्वसामान्य आडनाव आहे आणि ते धारण करणाऱ्यास त्यात काहीही हीन वाटत नाही. परंतु त्या नावाच्या तळाशी एका समाजाच्या मायेबरोबर दुसऱ्या समाजाची हानीही आहे, हे इतिहासाला नोंदविलेच पाहिजे.

४

युरोपीय व्यापाऱ्यांनी ज्यास गोल्ड कोस्ट म्हटले त्या किनाऱ्यावरून १७व्या व १८व्या शतकांत लक्षावधी माणसे अमेरिका खंडात व कॅरिबियन बेटांवर विकली गेली. कोर्मान्तीन येथील किल्ल्याच्या नावावरून इंग्रज मळेवाले त्यांना सरसकट 'कोरोमान्ती' म्हणत. जहाजावर चढताना त्यांच्यापाशी वस्त्र नव्हते, अवजार नव्हते, आप्त नव्हते; बहुधा ज्याच्याशी आपल्या भाषेत बोलावे असा शेजारीही नव्हता. मळ्यावर पोहोचल्यावर मालक त्यांना सीझर, पॉम्पी, लंडन अशी थट्टेची नावे देत. असे असता वारनामे मोठ्या संख्येने टिकून राहिली, याचे कारण त्यांच्या घडणीतच सापडते. पित्याने दिलेल्या नावाला पिता लागतो, कुळाच्या नावाला कुळ लागते. क्रादिनाला फक्त सात वारांचे चक्र लागते, आणि ते चक्र मळ्यावरही चालू होते. किंबहुना रविवार हाच मळ्यावरील गुलामांचा स्वतःचा दिवस असल्यामुळे तेथे वारांचे भान अधिकच तीव्र राहिले असावे. परक्या भूमीत मूल जन्मले तरी आईला त्याचे नाव ठाऊक असे.

या नावांची पहिली व्यवस्थित यादी ज्या ग्रंथांत मिळते, त्यांपैकी एक म्हणजे एडवर्ड लाँग याचा १७७४ साली प्रसिद्ध झालेला जमैकाचा इतिहास. लाँग हा मळेवाला होता आणि कृष्णवर्णीयांविषयी त्याची मते अत्यंत तुच्छतेची होती. तरीही त्याच्याच पृष्ठांवर सातही वारांची पुरुष-स्त्री नावे आढळतात. क्वासीचे तेथे क्वाशी झाले, क्वाजोचे कजो, कोफीचे कफी, यावचे क्वाओ. अकुआचे क्यूबा आणि अफुआचे फिबा. मालकाने आपल्या मालमत्तेची मोजदाद करताना जे लिहून ठेवले, त्यातच त्या मालमत्तेचे मनुष्यत्व शिल्लक राहिले. थॉमस थिसलवूड या मळ्यावरील अधिकाऱ्याच्या १७५० ते १७८६ या काळातील रोजनिशीत फिबा नावाच्या गुलाम स्त्रीचा उल्लेख तीस वर्षांहून अधिक काळ येत राहतो. तिच्या हातचे एक अक्षरही उपलब्ध नाही. परंतु तिचे नाव तिला शुक्रवारची म्हणून ओळखते.

बंडांच्या इतिहासात ही नावे पुनः पुनः भेटतात. न्यूयॉर्क शहरात १७४१ साली गुलामांच्या कटाच्या आरोपावरून जे खटले चालले, त्यांत ३० मे रोजी कफी व क्वाक या दोघांना जिवंत जाळण्यात आले. न्यायालयाच्या लेखी ते अमक्या मालकाचा कफी व तमक्या मालकाचा क्वाक होते. नावाच्या एका बाजूस मालकाची षष्ठी विभक्ती आणि दुसऱ्या बाजूस आत्म्याचा वार, अशी ती चमत्कारिक जोडणी आहे. २३ फेब्रुवारी १७६३ रोजी दक्षिण अमेरिकेतील बर्बीस या डच वसाहतीत मोठा उठाव झाला. त्याचा नायक कफी याने डच गव्हर्नरास पत्रे पाठवून वसाहतीची दोन भागांत वाटणी करण्याची सूचना केली. पुढे त्याचा प्रतिस्पर्धी झालेल्या पुढाऱ्याचे नाव अट्टा होते. अकान पद्धतीने वाचल्यास तो जुळ्यांपैकी एक ठरतो. गयाना देश १९७० साली प्रजासत्ताक झाला, तेव्हा त्यासाठी २३ फेब्रुवारी हाच दिवस निवडण्यात आला, आणि १९७६ साली जॉर्जटाऊन येथे कफीचे स्मारक उभारण्यात आले.

५

येथवरचे विवेचन वाचून वारनाम म्हणजे स्वातंत्र्यप्रीतीची खूणच होय, असा समज होण्याचा संभव आहे. तो इतिहासास मान्य होणारा नाही. सुरिनाम या डच वसाहतीत क्वासी नावाचा एक प्रसिद्ध वैद्य होऊन गेला. त्याने ज्या झाडाच्या कडू लाकडाचा तापावर उपयोग दाखवून दिला, त्यास वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने 'क्वासिया' असे नाव दिले. अशा रीतीने अकान रविवार वनस्पतिशास्त्राच्या लॅटिन परिभाषेत कायमचा जाऊन बसला. परंतु याच क्वासीने जंगलात पळालेल्या गुलामांविरुद्ध वसाहत सरकारला साह्य केले, आणि सुरिनाममधील सारामाका मॅरूनांच्या परंपरेत तो फितूर म्हणूनच ओळखला जातो. जमैकाच्या कजोनेही १७३९च्या तहात यापुढे पळून येणाऱ्या गुलामांना परत स्वाधीन करण्याचे कलम मान्य केले होते. वारनाम माणसाचा जन्म सांगते. त्याचे वर्तन सांगत नाही.

त्याचप्रमाणे ते त्याचे मूळही निर्णायकपणे सांगत नाही. वारांवरून नावे ठेवण्याची पद्धत अकान लोकांच्या पूर्वेस राहणाऱ्या एवे लोकांतही आहे आणि त्यांची कोजो, कोफी, क्वामी ही रूपे अकान रूपांशी जवळजवळ एक आहेत. शिवाय उत्तरेतून पकडून आणलेला मनुष्य काही वर्षे अकान घरात दास म्हणून राहून मग किनाऱ्यावर विकला गेला असेल, तर त्याचे कोफी हे नाव त्याच्या आईने नव्हे, तर त्याच्या पहिल्या मालकाने दिलेले असण्याचा संभव राहतो. पुढे मळ्यांवर तर ही नावे अकान नसलेल्यांतही पसरली. म्हणून यादीत कफी दिसला की तो गोल्ड कोस्टचा, असे समीकरण मांडता येत नाही.

नावांचा अर्थ कसा ढळत जातो, याचे शोकजनक उदाहरणही जमैकातच आहे. भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड डी कँप यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात दाखविले आहे की, तेथील वारनामे वार सांगण्याचे काम हळूहळू सोडून हिणविण्याचे शब्द बनली. क्वाशी म्हणजे रविवारी जन्मलेला हा अर्थ लोपला, आणि क्वाशी म्हणजे अडाणी, बावळट असा अर्थ रूढ झाला. मालकांच्या तोंडी तुच्छतेने उच्चारलेले नाव कालांतराने गुलामांच्या वंशजांच्याही तोंडी तुच्छतेचेच राहिले. नाव टिकणे आणि नावाचा मान टिकणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

यावरून असे म्हणता येते की, एकच वारनाम तीन निरनिराळ्या भूमिकांत आढळते. ज्या वारी जन्म त्या वाराचे नाव, ही त्याची पहिली भूमिका. येथे ते साक्ष आहे. पूर्वजाचे नाव म्हणून ते पुढे चालले की ते वारसा होते. आणि दुसऱ्याने लादले किंवा हिणविण्यासाठी वापरले की तो केवळ शिक्का उरतो. अभ्यासकाने नाव वाचण्यापूर्वी ते या तिहींपैकी कोणत्या भूमिकेत आहे हे ठरविले पाहिजे. साक्ष व वारसा यांतील भेद पॉल कफी याच्या उदाहरणात स्पष्ट दिसतो. मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेला हा जहाजमालक व व्यापारी १८१६ साली ३८ कृष्णवर्णीय स्त्री-पुरुष-मुलांना आपल्या जहाजातून सिएरा लिओन येथे घेऊन गेला. त्याचा पिता कोफी हा गुलाम म्हणून अमेरिकेत आणलेला अकान मनुष्य होता. पित्याचे वारनाम मुलाने आडनाव म्हणून घेतले. स्वतः पॉलचा जन्म १७ जानेवारी १७५९ रोजी झाला आणि त्या दिवशी बुधवार होता. अकान पद्धतीने तो क्वाकू झाला असता. म्हणजे त्याचे आडनाव त्याच्या जन्माविषयी चुकीची माहिती देते. परंतु त्याच्या पित्याविषयी ते जे सांगते, ते दुसऱ्या कोणत्याही कागदाने इतक्या थोडक्यात सांगितले नसते.

६

खुद्द गोल्ड कोस्टवरही या नावांना निराळ्या प्रकारच्या कसोटीतून जावे लागले. ख्रिस्ती मिशनांनी बाप्तिस्म्याबरोबर नवी नावे दिली. केप कोस्टचा फिलिप क्वाकू इंग्लंडमध्ये शिकला आणि १७६५ साली अँग्लिकन धर्मोपदेशक झाला. हा मान मिळविणारा तो पहिला आफ्रिकी मनुष्य. त्याचे वारनाम नष्ट झाले नाही, पण ते पुढून मागे गेले आणि आडनावाच्या जागी जाऊन बसले. फांते प्रदेशातून पळवून नेलेला ऑटोबा कुगोआनो याला लंडनमध्ये १७७३ साली बाप्तिस्मा देऊन जॉन स्टुअर्ट हे नाव देण्यात आले. पुन्हा पकडून विकले जाऊ नये म्हणून बाप्तिस्मा घेण्याचा सल्ला आपणास मिळाला होता, असे त्याने स्वतःच नमूद केले आहे. म्हणजे दोन्कोरप्रमाणेच हेही एक कवच होते. परंतु १७८७ साली गुलामगिरीविरुद्ध ग्रंथ लिहिताना त्याने मुखपृष्ठावर आपले आफ्रिकी नाव घातले, आणि १७९१च्या आवृत्तीत त्यापूर्वी क्वोब्ना, म्हणजे मंगळवारचा, हे क्रादिनही जोडले. ज्या वाचकांना ते कळणार नव्हते, त्यांच्यापुढे त्याने ते मांडले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

हाच मार्ग पुढे राष्ट्रीय चळवळीने धरला. ६ मार्च १९५७ रोजी घाना स्वतंत्र झाला, तेव्हा त्याचे पंतप्रधान असलेले क्वामे न्क्रुमा बाप्तिस्म्याने फ्रान्सिस होते. अमेरिकेतील शिक्षण संपवून १९४५ साली लंडनला गेल्यावर त्यांनी फ्रान्सिस हे नाव मागे टाकले आणि क्वामे या नावाने ते ओळखले जाऊ लागले. त्यांच्या जन्मतारखेचा प्रश्न वारनामाची साक्ष समजण्यास उपयुक्त आहे. बाप्तिस्मा देणाऱ्या धर्मोपदेशकाने २१ सप्टेंबर १९०९ ही तारीख नोंदवून ठेवली. परंतु त्या दिवशी मंगळवार होता. न्क्रुमा यांनी १९५७च्या आत्मचरित्रात लिहिले आहे की, आपला जन्म सप्टेंबरच्या मध्यास शनिवारी झाला एवढेच निश्चित आहे; त्यावरून १८ सप्टेंबर ही तारीख अधिक संभवनीय ठरते. घानात त्यांचा जन्मदिवस पाळला जातो तो २१ सप्टेंबर हाच. कागद एक सांगतो आणि नाव दुसरे सांगते. आणि येथे नाव अधिक विश्वसनीय आहे, कारण मुलाचा जन्मवार त्याच्या आईला व गावाला विसरणे शक्य नव्हते. उलट न्क्रुमा हे नवव्या अपत्याचे नाव असूनही ते आपल्या मातेचे एकुलते एक अपत्य होते. एकाच नावात पहिला शब्द साक्ष आहे व दुसरा वारसा.

संयुक्त राष्ट्रसंघाचे १९९७ ते २००६ या काळातील सरचिटणीस कोफी अटा अनान यांचे नावही याच रीतीने वाचता येते. ते ८ एप्रिल १९३८ रोजी कुमासी येथे जन्मले. तो शुक्रवार होता, म्हणून कोफी. त्यांच्याबरोबर एफुआ ही जुळी बहीण जन्मली, म्हणून अटा. अनान म्हणजे चौथा, परंतु ते त्यांच्या पित्याचे आडनाव होते, त्यामुळे त्यावरून त्यांच्या जन्मक्रमाचा तर्क करता येत नाही. जगातील असंख्य लोकांनी हे नाव वृत्तपत्रांत वाचले; त्यात एका शुक्रवारची व एका जुळ्या बहिणीची नोंद आहे, याची कल्पना त्यांपैकी थोड्यांनाच असेल.

अकान नामपद्धतीचा ऐतिहासिक धडा असा की, ज्यांना इतिहास लिहू दिला गेला नाही त्यांनीही आपली नोंद ठेवली होती. ती नोंद शत्रूच्या तहनाम्यात, मालकाच्या रोजनिशीत, न्यायालयाच्या निकालात आणि झाडाच्या लॅटिन नावातही शिरून राहिली. परंतु तिचे वाचन करताना श्रद्धेइतकीच शंकाही बाळगावी लागते. कारण तेच नाव कोठे साक्ष, कोठे वारसा, तर कोठे केवळ शिक्का असते. कजो, कफी व क्वाको यांच्या तहनाम्यावर इंग्रज अधिकाऱ्यांची पूर्ण नावे व पदव्या आहेत. मॅरून नायकांना मागे त्यांच्या वाराखेरीज काहीच ठेवता आले नाही. तो वार वाचता आला, तर त्या कागदावरील निम्मा मजकूर प्रथमच वाचल्यासारखे होते.